घाटावरील आणि पठारावरील बाष्पइंजिने : जिओवी, बोरघाट आणि बार्शी लाइट रेल्वे – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय रेल्वेचा इतिहास मराठीत बहुधा मार्गांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणता मार्ग केव्हा सुरू झाला, त्यावर किती खर्च झाला आणि कोणत्या गव्हर्नरने त्याचे उद्घाटन केले, एवढे सांगितले की विषय संपल्यासारखे वाटते. त्या मार्गावर धावणाऱ्या इंजिनाची रचना तशीच का होती, हा प्रश्न अभियंत्यांचा समजून इतिहासकार बाजूला ठेवतात. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील बाष्पइंजिन हे त्या प्रदेशाच्या भूगोलाचे, व्यापाराचे आणि भांडवलाच्या हिशेबाचे एकत्रित उत्तर होते. प्रस्तुत लेखात इटलीतील जिओवी घाट, सह्याद्रीतील बोरघाट आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील इंजिनांच्या रचनेचा या दृष्टीने विचार केला आहे. त्यातही भर बार्शीवर आहे. कारण बालाघाटाच्या परिसराला रेल्वेची पहिली खरी ओळख बार्शीच्या छोट्या गाडीने करून दिली, आणि त्या गाडीविषयी अभ्यासापेक्षा आठवणीच अधिक लिहिल्या गेल्या आहेत.

जिओवी आणि बोरघाट

इंजिन कितीही बलवान असले तरी त्याची ओढण्याची शक्ती शेवटी चाक आणि रूळ यांमधील घर्षणावर अवलंबून असते. जोडचाकांवर वजन कमी पडले तर चाके जागीच फिरतात आणि गाडी हलत नाही. सपाट प्रदेशात ही अडचण फारशी जाणवत नाही. घाटात मात्र ती सर्वांत मोठी ठरते.

तुरीन–जिनोआ मार्गावरील जिओवी घाटात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. तेथील चढ दर हजार मीटरला ३५ मीटर इतका होता. १८५४ च्या सुमारास तेथे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यातील जोडइंजिने आणण्यात आली. चार चाकांची दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडलेली असत आणि त्या जोडीला ‘जिओवीचे मॅस्टोडॉन’ असे नाव पडले. पाणी व कोळसा इंजिनावरच असल्याने सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर येई. स्वतंत्र टेंडर ओढण्यात शक्ती वाया जात नसे. रचना ओबडधोबड दिसली तरी विचार अचूक होता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढे याच सुमारास सह्याद्री उभा होता. प्रमुख अभियंता जेम्स जॉन बर्कले यांच्या देखरेखीखाली १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. सुमारे १५ मैलांत १८३१ फूट चढायचे होते. २५ बोगदे खोदावे लागले आणि सर्वांत कठीण चढ ३७ फुटांत १ फूट असा होता. दर हजारी हिशेबात हा चढ सुमारे २७ येतो, म्हणजे जिओवीपेक्षा सौम्य. परंतु येथील अंतर मोठे होते आणि पावसाळ्यात रूळ ओले राहत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच मृत्यू पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले. कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर होते. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी त्यांच्यातील फार मोठ्या संख्येने बळी घेतले. या मजुरांचा इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. बर्कले मात्र आदल्याच वर्षी निवर्तले होते.

या घाटासाठी १८६२ मध्ये शार्प, स्ट्युअर्ट कंपनीकडून खास इंजिने आली. पुढे चार लहान आधारचाके, मागे सहा जोडचाके आणि बॉयलरवर खोगिरासारखी बसविलेली पाण्याची टाकी अशी त्यांची रचना होती. टाकीतील पाण्याचे वजन चाकांना रुळावर दाबून धरी. उतरताना मात्र नुसत्या चाकांच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून थेट रुळावर दाबली जाणारी घसरपट्टी त्यांना बसविली होती. खंडाळ्याच्या उलटफेरी स्थानकावर गाडीची दिशा बदलावी लागे. ते स्थानक १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर इतिहासजमा झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चार आधारचाके आणि सहा जोडचाके हीच मांडणी, परंतु स्वतंत्र टेंडरसह, सेझारे फ्रेस्कॉट यांच्या तुरीन येथील रचना कार्यालयाने १८८४ मध्ये ‘व्हित्तोरिओ इमॅन्युएले’ या इंजिनासाठी स्वीकारली. या प्रकारचे ते युरोपातील पहिले इंजिन मानले जाते आणि त्याचे कार्यक्षेत्र जिओवीचाच मार्ग होते. बोरघाटावरून ती कल्पना तुरीनला गेली असे म्हणण्यास आधार नाही. सारख्या अडचणींतून सारखी उत्तरे निघतात, एवढेच म्हणता येईल. परंतु वसाहतीतील रेल्वेने नेहमी युरोपचे जुने अनुकरण केले, ही समजूत या एका उदाहरणाने तरी डळमळीत होते.

पाच टनांचा नियम

घाटातील अभियंत्यांना चाकांवर वजन हवे होते. बार्शीच्या अभियंत्यापुढील प्रश्न याच्या नेमका उलट होता.

एव्हरर्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) हे क्रू येथील कारखान्यात शिकून १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंजिन खात्यात नोकरीस आले. मुख्य मार्ग तयार झाले होते, पण त्यांना माल आणून देणाऱ्या शाखा नव्हत्या. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ. मुख्य मार्गावरील स्थानकालाही ‘बार्शी रोड’, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, असेच नाव होते. पेठ मात्र त्या स्थानकापासून वीस मैलांहून दूर. हे अंतर बैलगाड्यांनी तोडावे लागे. रुंदमापी शाखा घालण्याइतके उत्पन्न या वाहतुकीतून मिळणार नाही, असा हिशेब होता. कॅल्थ्रॉप यांनी नोकरी सोडून २ फूट ६ इंच मापाच्या मार्गाचा पुरस्कार केला. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला.

त्यांच्या योजनेचे मर्म मापात नसून धुराभारात होते, हे पुष्कळदा दुर्लक्षित राहते. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कोणत्याही धुऱ्यावर ५ टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्यांनी घालून घेतला. रुळाची जाडी, पुलांची ताकद आणि भरावाचा खर्च हे सर्व सर्वांत जड धुऱ्यावरून ठरते. एरवी इंजिन जड आणि डबे हलके असल्याने एका इंजिनापायी संपूर्ण मार्ग मजबूत करावा लागतो. कॅल्थ्रॉप यांनी हा अपव्यय काढून टाकला. त्यामुळे यार्डाला केवळ ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचा रूळ पुरेसा झाला. आजच्या रुंदमापी मार्गावर ६० किलोचा रूळ वापरला जातो.

इंजिनाची रचना या नियमातून गणितासारखी निघते. तीन जोडधुरे घेतले तर ओढण्यासाठी उपयोगी वजन १५ टन, चार घेतले तर २० टन. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या ‘ए’ वर्गाच्या इंजिनांना आठ जोडचाके होती. भट्टी, कोळसा आणि चालकाची जागा यांचा भार मागील चार चाकांच्या बोगीवर टाकला होता. एकूण सहा धुरे, म्हणजे इंजिनाचे वजन ३० टनांच्या आतच राहणार. अरुंद मापात चाकांच्या आत चौकट घेतली तर भट्टीला जागा उरत नाही; त्यामुळे चौकट चाकांच्या बाहेर ठेवली. अडीच फुटांच्या रुळावर हे इंजिन त्यामुळेच एवढे रुंद आणि भरदार दिसे. किटसनकडूनच पुढे आलेल्या ‘बी’ वर्गात समोरही चार चाकांची बोगी देण्यात आली. वळणांवर इंजिनाला वाट दाखविणे आणि वाढलेले वजन वाटून घेणे, हे दोन्ही हेतू अशा बोगीने साधतात.

डब्यांनाही हाच न्याय होता. चार धुऱ्यांचा डबा मालासह २० टनांपर्यंत जाऊ शके. म्हणजे डबा स्वतः जितका हलका, तितका माल अधिक. लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबून घडविलेल्या पोलादी चौकटींमुळे हे शक्य झाले. हे साहित्य हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्याची प्रात्यक्षिके करण्यात आली. सोलापूर जिल्ह्यातील एका शाखामार्गाच्या गाड्यांची परीक्षा इंग्लंडमध्ये व्हावी, यातच या योजनेकडे किती लोकांचे लक्ष होते हे दिसते. १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे कॅल्थ्रॉप यांनी बार्शीच्याच अनुभवावर उभारली. तेथील किटसन इंजिनांना हिंदुस्थानी धर्तीचे मोठे पुढचे दिवेही होते. रचनेचा प्रवास या वेळी बार्शीहून इंग्लंडकडे झाला. ती इंग्रजी रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची त्यानंतरही सात दशके चालू होती.

स्वस्ताईची किंमत

बार्शी लाइटला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणणे हे अज्ञान आहे, तसेच तिला केवळ कल्पकतेचा विजय म्हणणे हेही अर्धसत्य ठरेल. रूळ हलका केल्याने वाचलेला पैसा कंपनीचा होता. मापभेदामुळे कुर्डुवाडीत प्रत्येक गासडी आणि प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. तो खर्च, तो विलंब आणि ती नासधूस मालावर, म्हणजे शेवटी शेतकऱ्यावर व व्यापाऱ्यावर पडत होती. हमालांना त्यातून काम मिळाले, हे खरे. पण ते काम मापभेदाने निर्माण केलेले होते. दुसरीकडे, स्वस्त मार्ग नसता तर मार्गच झाला नसता, हा कॅल्थ्रॉप यांचा युक्तिवादही खोडून काढता येत नाही. याचा पुरावा आष्टी तालुक्यानेच दिला आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग पंढरपूरला पोहोचला आणि आषाढी–कार्तिकीच्या वारकऱ्यांची अफाट गर्दी त्या चिमुकल्या डब्यांवर लोटू लागली. दुसऱ्या बाजूने येडशीजवळ बालाघाटाच्या कडेने चढत १९११ मध्ये तो निजामाच्या राज्यातील लातूरला गेला. लातूरच्या बाजारपेठेची वाढ या घटनेशिवाय समजत नाही. १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली. मार्गाचे रुंदमापीकरण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने होत गेले आणि त्या वेळी जुना मार्ग टाळून गेलेले उस्मानाबाद, आताचे धाराशिव, प्रथमच रेल्वेवर आले.

आष्टीच्या वाट्याला मात्र छोटी गाडीही आली नाही. दौंड–मनमाड मार्गामुळे अहमदनगरला १८७८ पासून स्थानक होते. आष्टी निजामाच्या हद्दीत होती आणि बार्शीसारखी कापसाची पेठ तिच्याजवळ नव्हती. हद्दीपलीकडील या तालुक्यासाठी पाच टनांचा हिशेबही कोणी मांडला नाही. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गातील नवीन आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडपर्यंत गेली. ती आरंभापासून रुंदमापावरच धावत असल्याने आष्टीच्या कांद्याला वा कापसाला वाटेत कोठे डबा बदलावा लागणार नाही.