सीताबर्डी आणि शिशाच्या सैनिकांचे धैर्य

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन घेऊन नागपुरास जाणाऱ्यांना सीताबर्डीची टेकडी परिचित आहे. मेजावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांनी तेथील लढाई अवश्य मांडून पाहावी. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या खेळातील सैनिकांना भीती ठाऊकच नाही. पुढे डोनाल्ड फेदरस्टोन आदींच्या नियमांत धैर्याचाही हिशेब आला. तुकडीचे बरेच गडी किंवा नायक पडला, की फासा टाकावयाचा. कसलेल्या पलटणीस गुण अधिक, नवख्यांस कमी. तुकडी टिकेल, हटेल की पळेल, हे त्यावरून ठरते.

केवळ संख्येने २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांचाच जय व्हावयाचा. इंग्रजांची माणसे दीड हजारांच्या आत. आप्पासाहेबांची त्यांच्या दहापटीहून अधिक. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही. तोच कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात उतरून तोफा हिसकावल्या. ते पाहून टेकडीवरील पायदळास उभारी आली. त्यातच अरबांमध्ये दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इंग्रजांनी टेकडी परत घेतली.

म्हणून अरबांच्या नावे कमी गुण मांडावेत काय? साक्षीदाराची पत एका दिवसाच्या जबानीवर ठरवू नये, हे आम्हां वकिलांस पक्के ठाऊक असते. नागपूर शहरात कोंडल्या गेलेल्या अरबांनीच २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला परतविला, आणि महिनाअखेर शहर सोडले ते अटी ठरवून.