औषधाची वाट

हृदय थकले म्हणजे रक्त पुढे लोटण्याचे त्याचे बळ कमी पडते. पाणी फुप्फुसांत व पायांत साचते, आणि रोगी रात्री उठून बसतो, कारण आडवे झाले की दम कोंडतो. अशा माणसाला औषध कोणते द्यावे हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच ते कोणत्या रूपाने द्यावे हाही होय. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत.

1785 साली बर्मिंगहॅमचा डॉक्टर विल्यम विदरिंग याने फॉक्सग्लव्हच्या पानांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाने उकळून केलेल्या काढ्याचा भरवसा नसे. म्हणून तो आधी फांटाकडे व मग वाळल्या पानांच्या चुर्णाकडे वळला. मात्रा चुकली की हे औषधच विष; आपल्या कण्हेरीचे विषही याच जातीचे. 1930 साली सिडने स्मिथने त्याच कुळातील दुसऱ्या झाडापासून डिजॉक्सिन वेगळे काढले. आता मात्रेचा घोळ संपला असे वाटावे, तो 1971 साली लिंडेनबॉम व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सारख्याच वजनाच्या पण निरनिराळ्या गोळ्यांतून रक्तात उतरणारे औषध सातपटीपर्यंत कमीअधिक भरते! पूड किती बारीक दळली, यावरही ते अवलंबून असते. जाड्याभरड्या दळणाचा गुण जात्यावर बसलेल्या बाईला निराळा सांगावा लागत नाही.

शिवाय अशा रोग्याचे आतडेही सुजलेले असते. गोळी पोटात पडते, पण औषध रक्तात उशिरा शिरते. 1853 साली पोकळ सुईची पिचकारी निघाली आणि पोटाला वळसा घालणारी वाट खुली झाली. पुढे फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवून साचलेले पाणी उतरविणारे औषध आले. त्याची गोळी साधारण तासाभरात काम सुरू करते, शिरेतून दिल्यास पाचएक मिनिटांत. औषध तेच, वाट निराळी.

ही पाच मिनिटे कोणाच्या वाट्याला येतात? रात्रपाळीच्या कामगाराला आणि फडातल्या ऊसतोड्याला दम लागला, तर सुई टोचणारा जाणता हात आणि रात्री उघडे असणारे दवाखान्याचे दार जवळ हवे. 1943 नंतर प्रतिसरकारच्या काळी न्याय गावातच मिळू शकतो, हे याच कुंडल भागाने दाखविले. औषधही तसेच वेळेवर दाराशी आले पाहिजे. आणि ते मागून घेणे हे संघटित लोकांचेच काम आहे.