रंगयंत्रणा, बरोक

सतराव्या-अठराव्या शतकांत यूरोपीय नाट्यगृहांत नेपथ्य हलवण्यासाठी वापरली जाणारी लाकूड, दोर, कप्प्या व वजने यांची व्यवस्था. प्रेक्षकाला भासात गुंगवणे एवढाच तिचा हेतू मानला जातो. पण तिची रचना पाहता दृश्य बदलताना दाखवणे हेच तिचे मुख्य कार्य ठरते. निकोला साब्बातीनी या इटालियन तज्ज्ञाने १६३८ च्या ग्रंथात लाटांसाठी पिळाचे लाकडी रूळ आडवे मांडून फिरवण्याची कृती दिली आहे. दृश्यबदल मात्र त्याला झाकावासा वाटतो: प्रेक्षागाराच्या मागच्या बाजूला लटके भांडण उकरावे किंवा तुतारी फुंकावी, म्हणजे लोक मागे वळून पाहतील आणि तेवढ्यात काम उरकता येईल, असे तो सुचवतो. १६४१ मध्ये व्हेनिसला तेआत्रो नोव्हीसिमो हे नाट्यगृह सुरू झाले आणि तेथे जाकोमो तोरेल्ली या रंगयंत्रकाराने ही अडचणच निकालात काढली. विंगांचे खांब रंगमंचाच्या फटींतून तळघरातील चाकांच्या गाड्यांवर उतरवलेले असत. सर्व गाड्यांचे दोर एकाच रहाटाला बांधलेले. वजन सोडले की जुन्या विंगा आत आणि नव्या बाहेर, एकाच वेळी सरकत. पंधरा वर्षांचा एक मुलगा हे काम करी, असे समकालीन वर्णन आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सरकत्या विंगा तोरेल्लीच्या आधीही होत्या. हे खरे आहे. पार्मा येथील १६१८ च्या फार्नेसे नाट्यगृहाचा दाखला त्यासाठी दिला जातो. परंतु येथे मुद्दा विंगांचा नसून त्या सर्व एकदम हलवण्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोर ढगांआड लपवत आणि यथार्थदर्शन राजाच्या आसनावरून आखत, तेव्हा भास हाच हेतू नव्हे काय? पण स्थिर भासासाठी रंगवलेला पडदा पुरेसा होता. अरण्याचा राजवाडा डोळ्यांदेखत होतो, तेव्हा दोन्ही चित्रे आहेत हे प्रेक्षकाला कळतेच. यंत्र दडवून त्याची करामत मात्र उघड दाखवली जाते. स्टॉकहोमजवळील द्रोटनिंगहोम नाट्यगृहात (१७६६) हे तपासता येते. १७९२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव्ह याच्या हत्येनंतर ते ओस पडले. म्हणूनच रंगयंत्रकार दोनातो स्तोपानी याने तेथे उभारलेली यंत्रणा नव्या सुधारणांतून वाचली. आग्ने बेइयेर या संशोधकाने १९२१ मध्ये ती उजेडात आणली, पुढच्या वर्षी नाट्यगृह पुन्हा उघडले आणि तेथील प्रयोगांत आजही दृश्ये पडदा न पाडता, प्रेक्षकांसमोर बदलतात.