पर्वकाळ आणि वर्णपट

दर बारा वर्षांनी जो अपार जनसमुदाय पंचवटीत रामकुंडावर लोटतो, त्याला तेथे आणणारा खरा अंमलदार म्हणजे आकाशातला गुरू होय. तो सिंह राशीत प्रवेशला, की ध्वजा चढतात, तपोवनात आखाड्यांचे तळ पडतात आणि सरकारी बंदोबस्ताचे हुकूम सुटू लागतात. हे ज्योतिष स्थानाचे. ग्रह कशाचा घडला आहे, हे त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून विचारणारी विद्या महाराष्ट्रात रुजली ती गोदाकाठी नव्हे, पुण्याच्या सायन्स कॉलेजात.

१८८२ साली भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी अध्यापकाने, इंग्रज ज्योतिर्विद लॉकियर यांच्या सल्ल्याने, वर्णपटाच्या अभ्यासाला वाहिलेली वेधशाळा उभी केली. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असे लॉकियर यांचे प्रतिपादन होते. मॅग्नेशियमची असती तर ती एका कडेला विरत गेली असती. नायगमवालांना मात्र ती दोन्ही कडांना सारखीच रेखीव दिसली, आणि आपल्या सल्लागाराच्या मताविरुद्ध त्यांनी तसे छापून टाकले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागले व वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. आमच्याकडील संस्था बहुधा माणसाबरोबरच पेन्शनीत निघतात.

पुढे १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या बिंदूच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सुमारे सोळा टक्के तांबड्याकडे सरकलेल्या ओळखल्या, आणि क्वेसार म्हटल्या जाणाऱ्या अशा बिंदूंचे प्रचंड अंतर ध्यानी आले. हे सरकणे सर्वत्र अंतराचेच द्योतक मानावे काय, ही शंका खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी चिकाटीने जागती ठेवली. बहुतेकांना ती पटली नाही, मलाही पटत नाही, तथापि तिने वाद कसदार झाला. २०२१ साली नाशिकला आडगावात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत.

अतिदूरच्या क्वेसारांत मॅग्नेशियमची रेषा खरोखरच सापडते. मूळची २८०० अँगस्ट्रॉमची ही जंबुपार रेषा विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन अवरक्तात, २४००० अँगस्ट्रॉमच्या आसपास, उतरते. म्हणून तिच्यासाठी अवरक्त वर्णपटमापकच लागतो. येथे महत्त्व रेषेच्या रुंदीला : क्वेसारच्या गाभ्यातील कृष्णविवराभोवतालचा वायू जितका वेगाने फिरतो तितकी ती पसरते, आणि त्या वेगावरून व क्वेसारच्या तेजावरून विवराचे वस्तुमान निघते. २०१७ साली जाहीर झालेल्या एका क्वेसारचे विवर या हिशेबाने सुमारे ८० कोटी सूर्यांइतके भरले, तेही विश्व जेमतेम ६९ कोटी वर्षांचे असताना. इतक्या अल्पावधीत एवढा संचय झाला कसा, यावर एक पक्ष आद्य ताऱ्यांच्या अवशेषांकडे बोट दाखवतो, तर दुसरा वायूचे अवाढव्य मेघ तारा न होता थेट कोसळले असे म्हणतो. निकाल अद्याप तहकूब आहे.