तोगानोओच्या डोंगरातले लाकडी पिलू

कुत्रा हा आपल्या दाराशी बसणारा, उकिरड्यावर लोळणारा प्राणी. दत्तमहाराजांच्या पायांशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, हे खरे. पण ती देवाच्या नात्याने तसबिरीत येतात. नुसत्या कुत्र्याची, तेही दोन-तीन महिन्यांच्या पिलाची मूर्ती कोणी मन लावून घडवील का? आणि घडवली तर ती ठेवील कुठे? जपानात अशी एक लाकडी मूर्ती सुमारे आठशे वर्षे सांभाळून ठेवलेली आहे. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

तसे जपानी देवळांना कुत्र्यांचे वावडे नाही. दोन कुत्र्यांची जोडी देवाच्या राखणीला ठेवायची तिकडे जुनी रीत आहे. तिला 'कोमाइनु' म्हणतात. 'कोमा' म्हणजे कोरिया आणि 'इनु' म्हणजे कुत्रा. नाव कुत्र्याचे, पण रूप पाहाल तर आयाळ आहे, छाती पुढे आहे, म्हणजे अंग सगळे सिंहाचे! जपानात सिंह कधी नव्हताच. बुद्धाच्या आसनाखालचा आपल्याकडचा सिंह चीन आणि कोरिया या वाटेने तिकडे गेला आणि जाता जाता त्याचा कुत्रा झाला. या जोडीत एकाचे तोंड उघडे आणि दुसऱ्याचे मिटलेले असते. उघड्या तोंडाचा 'अ' म्हणतो, मिटल्या तोंडाचा 'हूं'. ही दोन्ही अक्षरे संस्कृतातली; जपानी जिभेवर त्यांचे 'आ-उन्' झाले. वर्गात मुलांना सांगावी अशी ही गंमत आहे. आज दगडी कोमाइनु देवळाबाहेर सर्वत्र दिसतात; जुने मात्र बहुधा लाकडाचे, आणि छपराखाली बसवलेले.

आमचे पिलू या जातीचे नव्हे. त्याला आयाळ नाही आणि राखणीचा आवही नाही. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. अंग गुबगुबीत, डोळे टपोरे. आपल्या अंगणातल्या पिलाला हाक मारावी आणि त्याने मान वर करून पाहावे, तसा भाव. क्योतो शहराच्या वायव्येला डोंगरात तोगानोओ नावाचे ठिकाण आहे. तिथल्या कोझान-जी या बौद्ध मठाची ही मूर्ती. मठाचा संस्थापक म्योए हा भिक्षू ती आपल्याजवळ ठेवीत असे, अशी परंपरा आहे.

हा म्योए होता तरी कोण? त्याचा जन्म ११७३ सालचा, समुद्राकाठच्या की प्रांतातला. ११८० साली, अवघ्या आठव्या वर्षी, त्याची आई गेली आणि त्याच वर्षी बाप लढाईत पडला. पुढच्या वर्षी पोर मठात दाखल झाले. त्याच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. वाटेत पडलेल्या कुत्र्याच्या पिलाला तो एकदा ओलांडून गेला. चार पावलांवर त्याच्या मनात आले, हे पिलू म्हणजे माझी आई किंवा बाप पुन्हा जन्माला आलेले नसेल कशावरून? तो मागे फिरला आणि त्याने पिलाला नमस्कार केला. ही गोष्ट ऐकली म्हणजे आपल्याला नामदेवांची आठवण होणारच. कुत्र्याने भाकरी पळवली, तर तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे आपले नामदेव! दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नामदेवांचा जन्म १२७० चा, म्हणजे म्योए जाऊन तेव्हा ३८ वर्षे झाली होती. तरीही पोरक्या मुलाची ती शंका मला अधिक लागते. नामदेवांना कुत्र्यात देव दिसला. याला आईबाप हवे होते.

आईबापांच्या जागी त्याने बुद्धाला धरले, आणि बुद्धाचा देश म्हणजे भारत. तिकडे जायचेच, असा त्याने ध्यास घेतला. १२०३ साली जायची तयारी केली, तेव्हा नात्यातल्या एका बाईच्या अंगात येऊन कासुगाच्या देवाने 'जाऊ नकोस' म्हणून सांगितले. १२०५ साली पुन्हा बेत केला, तो आजारपणामुळे मोडला. त्याने वाटेचा हिशेबसुद्धा मांडून ठेवला होता. तो कागद आजही आहे. चीनची राजधानी चांग-आन येथून निघायचे ते आपल्या राजगृहापर्यंत. रोज आठ 'री', म्हणजे सुमारे तीस किलोमीटर, चाललो तर एक हजार दिवस. रोज पाचच री चाललो तर पाचव्या वर्षाच्या सहाव्या महिन्यात, दहा तारखेला, भर दुपारी पोचेन! ज्याला जायचे नाही तो भर दुपार कशाला लिहील? अंतरे त्याने घेतली ती ह्युएनत्संगच्या प्रवासाच्या माहितीवरून. हाच तो ह्युएनत्संग, ज्याने सातव्या शतकात पुलकेशीच्या वेळचा आपला महाराष्ट्र पाहिला आणि इथल्या मानी माणसांविषयी लिहून ठेवले.

म्योए भारतात कधीच आला नाही. आपल्या प्रांताजवळच्या एका बेटाच्या किनाऱ्यावरून त्याने दगड उचलून आणला. या दगडाला लागलेले पाणी आणि भारताच्या किनाऱ्याचे पाणी एकच, एवढ्यासाठी तो त्याने जन्मभर जवळ बाळगला. असा हा दगड जपणारा माणूस लाकडाचे पिलू उशापायथ्याशी ठेवील, यात नवल ते काय?

आता लाकडाचे बोलू. जपानी मूर्तिकारांचे आवडते लाकूड हिनोकी. सूचिपर्णी झाडाचे, सुवासिक आणि पटाशीला मऊ जाणारे. गावचा सुतार सांगेल की अखंड ओंडका वाळताना तडकतो, कारण बाहेरचे अंग आधी आकसते आणि गाभा मागे राहतो. म्हणून तिकडचे कारागीर लाकडाचे वेगवेगळे तुकडे जोडून मूर्ती उभी करीत आणि आतून ती कोरून पोकळ ठेवीत. मूर्ती हलकी होई आणि चिरतही नसे. पोकळ डोक्याच्या आतून डोळ्यांच्या खाचेत स्फटिकाचा पातळ तुकडा बसवायचा, त्यावर बुबुळ रंगवायचे, मागे पांढरा कागद लावायचा. उजेड पडला की डोळा ओला वाटतो.

या विद्येत उंकेई याचे घराणे नामांकित होते. पिलावर कोणाचे नाव नाही, पण ते उंकेईचा मुलगा तांकेई याच्या हातचे असावे, असे मानतात. हा तांकेईही ११७३ सालचाच, म्योएच्या बरोबरीचा. देवाची मूर्ती करताना हात किती, मुद्रा कोणती, हे सारे ठरलेले असते. पिलाला कसले आले शास्त्र? तिथे खरे पिलू समोर बसवून पाहावेच लागते, आणि कोणीतरी ते पाहिले आहे, एवढे मात्र मूर्तीवरून कळते.

म्योए १२३२ साली वारला. तांकेई त्यानंतर चोवीस वर्षे जगला. क्योतोच्या सान्जूसान्गेन-दो या लांबलचक देवळात अवलोकितेश्वराच्या एक हजार एक मूर्ती आहेत. त्यांतली मधली मोठी मूर्ती त्याने १२५४ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पुरी केली. त्या देवळात सेवकांच्या रांगेत आपले इंद्र, वायू आणि नारायणही उभे आहेत.