वाडी, घर आणि देऊळ



शुक्रवारी रात्रीच्या गाडीने सुरतहून वसईला गेलो. शनिवारी दिवसभर भावाबरोबर वाडीत राबलो. केळीचे लोंगर उतरवले, पाण्याची पाइप दोन ठिकाणी फुटली होती ती बांधली, दुपारी आईला डॉक्टरकडे नेले. रात्री परतीची गाडी धरली आणि रविवारी सकाळी मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात उभा राहिलो. मुलांना देवाच्या दहा आज्ञांपैकी तिसरी शिकवायची होती: प्रभूचा दिवस पवित्र पाळ. डोळ्यांवर झोप होती. तिसरी सांगता सांगता थेट पाचवीवर गेलो तेव्हा मुले हसली.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, "हा वर्ग दुसरं कोणी घेऊ शकत नाही का? आठवड्यात एक दिवस तरी तुम्ही आमचे असा." तिचे चुकीचे नव्हते. मी उत्तर दिले नाही. दुपारभर मात्र एकच विचार डोक्यात होता. आमच्या वसईत पिढ्यानपिढ्या श्रद्धा टिकली ती कोणाच्या रिकाम्या वेळावर? रिकामा वेळ तिथे कोणाकडे होता?

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणतात. वाडी, घर आणि देऊळ या तीन जागांमध्ये त्यांचा दिवस संपत असे. वाडीत केळी, पानवेल, भाजी, फुले. पाणी विहिरीचे नाहीतर बावखलाचे. पावसाचे पाणी साठवणारी ही गोड्या पाण्याची तळी वसईचे वैभव होते. आज त्यांतली किती बुजवली गेली ते मोजायला गेलो की जीव तुटतो. विहिरीवर रहाट. बैलाच्या डोळ्यांवर झापडे बांधायची आणि त्याने गोल गोल फिरायचे. मडक्यांतून पाणी वर येऊन पाटात पडायचे. बैल थांबू नये म्हणून मागे एखादे पोर बसवलेले असे. माझी आजी अशीच रहाटामागे बसायची. 'आमच्या बापा' आणि 'नमो मारिया' तिने तिथेच पाठ केले. तिची आई शेजारच्या वाफ्यातून एक ओळ मोठ्याने म्हणायची, आजी ती परत म्हणायची. बैलाच्या एका फेरीला एक ओळ. आजी म्हणायची, "प्रार्थना चुकली तर चालंल, बैल थांबला तर मार."

वसईचा आणि गुजरातचा संबंध जुना आहे. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत चर्चेस उभी राहिली, मठ आले, जेझुइटांचे कॉलेज आले. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि सगळेच अभिमानाने सांगण्यासारखे नाही. मला ओढ आहे ती त्यानंतरच्या काळाची. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला. तहात ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा होती, काही चर्चेसही राखली गेली. परंतु युरोपियन धर्मगुरू निघून गेले. मठ ओस पडले. लोकांच्या आत्मिक सेवेसाठी उरले ते गोव्याकडचे मोजके देशी धर्मगुरू.

शेतकरी कुठे जाणार? त्याची विहीर उचलून नेता येत नाही.

यापुढची साक्ष आपल्या सुरतेतून मिळते. आंकेतिल द्यु पेरों हा तरुण फ्रेंच विद्वान 1758 ते 1761 या काळात सुरतेला राहून पारशी दस्तुरांकडे अवेस्ता शिकत होता. (पुढे 1771 मध्ये त्याने अवेस्ताचा फ्रेंच अनुवाद छापला.) 1760 च्या अखेरीस तो सुरतेहून साष्टीची लेणी पाहायला दक्षिणेकडे निघाला. मराठ्यांच्या मुलखातून जाताना त्याला काय दिसले? ख्रिस्ती लोक उघडपणे आपला धर्म पाळत होते, सण साजरे करत होते. किल्ला पडून एकवीस वर्षे झाली होती. याचे श्रेय मराठ्यांच्या उदारपणाला द्यायला हवे आणि ते मी मनापासून देतो. सुरतेच्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा कपुचिन धर्मगुरू फादर अँब्रोझ यांच्या घराला धक्का लावला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे.

पण राज्यकर्त्याने मुभा दिली म्हणून श्रद्धा आपोआप टिकत नाही. एकवीस वर्षांत एक पूर्ण पिढी वाढते. त्या पिढीला क्रुसाची खूण करायला कोणी शिकवले? मोजके धर्मगुरू, विखुरलेल्या वाड्या, मधे खाड्या. रोजची शिकवण घरातच झाली असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आयांनी, आज्यांनी, एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने, पाणी लावता लावता, भाजीच्या जुड्या बांधता बांधता. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की हातातले काम टाकून देवदूताची प्रार्थना, दिवेलागणीला जपमाळ, मग लहानांनी मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे. माझ्या लहानपणापर्यंत हे असेच चालत आले होते. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे आहेत, धर्मगुरूंची आहेत. या बायांची नाहीत.

एका धर्मशिक्षकाचे नाव मात्र आहे, आणि तेही वसईचेच. संत गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसईच्या जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा शिकला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. त्याला जेझुइट व्हायचे होते, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला आणि त्यात चांगला जम बसवला. शेवटी मनिलामध्ये तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर दिले. त्या दिवशी 26 जणांना मृत्यू आला. त्यांतले 17 जण जपानी प्रापंचिक होते, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे कामधंद्याचे लोक. 1862 मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. आपण त्याचे हौतात्म्य आठवतो. मला मात्र ती आठ वर्षे अधिक आठवतात. 'तुला आमच्यात घेणार नाही' हे ऐकण्याआधीची, परक्या भाषेत रोज तेच धडे शिकवण्याची आठ वर्षे.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचीही गोष्ट अशीच. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरणारा हा बाराव्या शतकातला मजूर. सकाळी मिस्साला जातो आणि कामाला उशिरा येतो अशी सोबत्यांनी त्याच्याविरुद्ध मालकाकडे तक्रार केली होती. त्याची पत्नी मारिया हिलाही लोक संत मानतात. मिस्सावरून त्या दोघांत कधी खटका उडाला असेल का, हे चरित्रकार सांगत नाहीत! 1622 मध्ये ज्या दिवशी फ्रान्सिस झेवियर यांना संतपद मिळाले, त्याच दिवशी या नांगऱ्यालाही मिळाले.

वसईकडे परत येतो. 1867 मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि वाडीचा दिवस आणखी लांबला. बायका पहाटेच्या काळोखात भाजीच्या, केळीच्या, फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन स्टेशन गाठू लागल्या. आजीने हे तीस वर्षे केले. पहाटे गाडी, दुपारी घरी, मग वाडी, मग स्वयंपाक. आणि प्रथम कम्युनियनची मुले तयार करायची असली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर आठ-दहा पोरे बसलेली. तिला लिहिता येत नव्हते. तिला कोणी धर्मशिक्षिका म्हटले नाही, तिनेही स्वतःला म्हटले नाही.

सेवा म्हणजे नुसती प्रार्थना शिकवणे नव्हे, हेही वसईने पाहिले. पीक बुडाले की शेतकरी सावकाराच्या दारी. 1918 मध्ये मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. धर्मगुरूने पुढाकार घेतला हे खरे. पण पै-पैसा आणून ठेवणारे आणि एकमेकांना जामीन राहणारे वाडीवरचेच लोक होते. माझ्या पणजोबांनी बैल घेतला तो असल्याच कर्जावर, असे घरात सांगतात.

पोप फ्रान्सिस यांनी 10 मे 2021 रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये अधिकृत सेवापद म्हणून मान्यता दिली. ते पत्र मी मोबाइलवर वाचले तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती.

हे सगळे मी त्या रविवारी संध्याकाळी पत्नीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमच्या आजीच्या ओट्यावर ती पोरं बसायची तेव्हा भाकऱ्या कोण थापत होतं?" मला आठवले. माझी आई, तेव्हा नवी सून. चुलीपाशी बसूनच ती पोरांच्या चुका दुरुस्त करायची. तिला तर मी या हिशेबात धरलेच नव्हते.

आता असे ठरले आहे की पुढच्या महिन्यापासून लहान मुलांचा वर्ग पत्नी घेईल, आणि तोवर स्वयंपाकघर माझ्याकडे. भाकरी मला जमत नाही. खिचडी जमते. वाडीचे काय करायचे यावर भाऊ आणि मी अजून बोलतो आहोत. तो म्हणतो, विहिरीचे पाणी मचूळ होत चालले आहे. या शुक्रवारी पुन्हा जायचे आहे. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा.