पाण्याची शर्यत आणि जमिनीची शर्यत

पोहणारा, धांवणारा आणि सायकल चालविणारा यांपैकीं खरा दमदार कोण, असा वाद इ. स. १९७७ मध्यें हवाई बेटांतील एका बक्षीस-समारंभांत निघाला. अमेरिकेच्या आरमारांतील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी जूडी यांनीं त्यावर तोडगा सुचविला तो असा कीं, ओआहू बेटावर ज्या तीन लांब शर्यती निरनिराळ्या वेळीं होत असत, त्या तिन्ही एकाच दिवशीं व एकामागून एक घ्याव्यात, म्हणजे वादाचा निकाल आपोआप लागेल. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं ही शर्यत झाली. प्रथम समुद्रांत ३.८६ किलोमीटर पोहणें, नंतर १८० किलोमीटर सायकल आणि शेवटीं ४२.१९५ किलोमीटरांची मॅरेथॉन, असा तिचा क्रम होता. पंधरा जण निघाले, बारा जण पोहोंचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यांस ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुष, या नांवानें ही शर्यत पुढें जगभर गाजली.

तथापि तीन अंगांची शर्यत, जिला ट्रायथलॉन म्हणतात, ती याहूनहि तीन वर्षांहून अधिक जुनी आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील धांवणाऱ्यांच्या एका मंडळानें २५ सप्टेंबर १९७४ रोजीं मिशन बे या खाडीकांठीं ती घेतली व तींत ४६ जण उतरले. ग्रीक भाषेंत 'ट्राय' म्हणजे तीन आणि 'अ‍ॅथलॉन' म्हणजे चढाओढ. आपल्या 'त्रि'शीं या शब्दाचें नातें उघड आहे. तसेंच 'ड्युओ' म्हणजे दोन, आपलें 'द्वि'. त्यावरून दुसऱ्या एका शर्यतीस ड्युएथलॉन हें नांव मिळालें. या दुसऱ्या शर्यतींत पाणी नाहीं. आधीं धांवावयाचें, मग सायकल चालवावयाची आणि पुन्हा धांवावयाचें, एवढाच तिचा विधि. प्रारंभीं अमेरिकेंत हिला 'बायॅथलॉन' म्हणत. परंतु बर्फावरून घसरत जाऊन बंदुकीनें नेम मारण्याच्या हिवाळी खेळास तेंच नांव पूर्वींपासून होतें, म्हणून घोटाळा टाळण्यासाठीं नवें नांव घ्यावें लागलें. ज्या खेळास आपलें नांवच मध्यें बदलावें लागलें, त्याची ओळख लोकांत उशिरां रुजली यांत नवल नाहीं.

या दोहोंत अधिक कठीण कोणती, असें विचारल्यास बहुतेक लोक ताबडतोब ट्रायथलॉनकडे बोट दाखवितात. तीन ही संख्या दोहोंहून मोठी, एवढेंच त्यांचें कारण असतें. आंकडे जरा जवळून पाहिले पाहिजेत. ऑलिंपिकमधील ट्रायथलॉनचें माप १.५ किलोमीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धांवणें असें आहे. ड्युएथलॉनचें दीर्घकाळ रूढ असलेलें माप १० किलोमीटर धांवणें, ४० किलोमीटर सायकल व पुन्हा ५ किलोमीटर धांवणें असें आहे. ट्रायथलॉनच्या एकंदर ५१.५ किलोमीटरांत पोहण्याचा वांटा जेमतेम तीन टक्के भरतो. हिशेबानें तो क्षुल्लक. पण याच तीन टक्क्यांपाशीं बहुतेकांची वाट अडते. पाण्यांत नुसतें बळ चालत नाहीं. पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट दाट असल्यामुळें, शिक्षण नसलेला मनुष्य जितका जोर करतो तितका लवकर थकतो. श्वासाची वेळ साधावी लागते; खुल्या पाण्यांत तळ दिसत नाहीं; भोंवतीं इतरांचे हातपाय आदळत असतात; आणि दम लागल्यावर रस्त्याच्या कडेला बसतां येतें तसें तेथें बसतां येत नाहीं. पोहणें सर्वांत आधीं ठेवण्याचें कारणहि हेंच होय. थकलेल्या मनुष्यास पाण्यांत उतरविणें धोक्याचें असतें.

परंतु ज्यास पोहतां येतें, त्याच्यापुरतें चित्र पालटतें. पोहतांना मुख्य भार खांदे व हात वाहतात. पाय त्या मानानें ताजे राहतात व पाण्याच्या गारव्यानें शरीर तापत नाहीं. ड्युएथलॉनमध्यें पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सारा भार पायांवरच पडतो. धांवतांना प्रत्येक पाऊल टेकतें तेव्हां मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंना शरीराचा धक्का झेलावा लागतो. असे हजारों धक्के खाऊन सायकलवर बसावयाचें, आणि चाळीस किलोमीटरांनंतर त्याच आंखडलेल्या पायांनीं पुन्हा धांवूं लागावयाचें, ही या शर्यतीची खरी परीक्षा. स्वित्झर्लंडांतील झोफिंगेन येथें १९८९ सालीं सुरू झालेली 'पॉवरमॅन' ही लांब पल्ल्याची शर्यत या बाबतींत प्रसिद्ध आहे. १० किलोमीटर धांवणें, डोंगराळ रस्त्यानें १५० किलोमीटर सायकल आणि वर आणखी ३० किलोमीटर धांवणें, असें तिचें रूढ माप आहे. हवाईची लोहपुरुषांची शर्यत सहा वेळां जिंकणाऱ्या नताशा बाडमान या स्विस खेळाडूनें झोफिंगेनचीहि शर्यत जिंकली होती. त्यांची कीर्ति सायकलीची होती, पोहण्याची नव्हे. जमिनीवर कमावलेले पाय पाण्याच्या शर्यतींतहि मनुष्यास कोठवर नेतात, हें यावरून दिसतें. तेव्हां कठीणपणा हा केवळ शर्यतीच्या अंगीं नसून, मनुष्य लहानपणीं कोणत्या भूमींत वाढला यावरहि अवलंबून असतो.

मग लोकप्रियतेंत एवढें अंतर कां पडलें? याचें उत्तर श्रमांत शोधूं नये. तें प्रसंगांत सांपडतें. फेब्रुवारी १९८२ मध्यें हवाईच्या शर्यतींत ज्यूली मॉस नांवाची तरुण विद्यार्थिनी अगदीं अंतिम रेषेजवळ कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिच्यापुढें निघून गेली. तरी ही मुलगी हातांवर व गुडघ्यांवर रांगत रेषेपर्यंत पोहोंचली. हें दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसलें आणि ज्यांनीं कधीं शर्यत पाहिली नव्हती त्यांच्याहि मनांत या खेळाचें नांव ठसलें. पुढें १९८९ सालीं फ्रान्समधील आव्हिन्यों येथें आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९९४ सालीं ऑलिंपिकमध्यें प्रवेशाचा निर्णय झाला, आणि २००० सालच्या सिडनी येथील सामन्यांत ट्रायथलॉनचीं पहिलीं पदकें दिलीं गेलीं. ड्युएथलॉनचा कारभार त्याच संघटनेकडे असून तिचें जागतिक अजिंक्यपदहि आहे. पण ऑलिंपिकचें दार तिला अद्याप उघडलेलें नाहीं. जेथें पदक तेथें सरकारी मदत, जेथें मदत तेथें शिक्षक, आणि जेथें शिक्षक तेथें मुलें, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्रांत हीं तिन्ही अंगें फार पूर्वींपासून होतीं. मात्र सुटीं सुटीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी वर्गांतील मुलें अनवाणी पायांनीं लांब अंतर धांवत असलेलीं जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं पाहिलीं, आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याच्या खटपटीस त्यांतून चालना मिळाली. १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवून एकोणिसावे आले. सायकलीची कथा मुंबईची आहे. १९२३ सालीं मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबांतील सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. पोहण्यांत पुण्याचे रोहन मोरे यांनीं २०१८ सालीं जगांतील सात प्रसिद्ध खाड्या व सामुद्रधुन्या पोहून पार करण्याचा क्रम पूर्ण केला. २० ऑक्टोबर २०१९ रोजीं गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धांवणें अशी अर्ध्या अंतराची लोहपुरुष शर्यत भरली, तेव्हां हीं तीन अंगें या किनाऱ्यावर मोठ्या थाटानें एकत्र आलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, २०१५ सालीं, झ्यूरिक येथें पूर्ण अंतराची शर्यत पुरी करणारे मिलिंद सोमण हे तरुणपणीं राष्ट्रीय विजेते जलतरणपटु होते. आणि अशा अनेक शर्यती पुऱ्या करून इतरांस शिकविणारे पुण्याचे कौस्तुभ राडकर हेहि मूळचे जलतरणपटुच. ज्यांना लहानपणीं तलाव लाभला, त्यांना ही वाट सोपी झाली.

ज्यांना तो लाभला नाहीं, त्यांचें काय? बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतील सोनाळा हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. त्याच्या उत्तरेस अंबाबरव्याचें अभयारण्य आहे, आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा पसरला आहे, जेथें विहिरीस पाणी लागलें तरी तें खारट निघतें. समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. जिल्ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध पाणी म्हणजे लोणारचें सरोवर, तेंहि खारेंच. वान नदीवर वारी येथें हनुमान सागर हें धरण झालें खरें. परंतु तें पाणी पिण्याचें व शेताचें, मुलांना पोहावयास शिकविण्याचें स्थान नव्हे. पूर्वीं वऱ्हाडांतील मुलें विहिरींत पोहावयास शिकत. पाठीला वाळलेला भोपळा बांधून वडील माणूस मुलास पाण्यांत सोडी, आणि उन्हाळा संपण्यापूर्वीं तो भोपळा सुटलेला असे. पुढें जमिनीतील पाणी खोल गेलें, विहिरी आटल्या आणि त्यांच्या जागीं बोअर आल्या. सहा इंचांच्या बोअरमध्यें कोणी पोहावयास शिकत नाहीं. ही विद्या आळसानें गेली नाहीं, पाण्याबरोबर गेली.

उरलीं दोन अंगें मात्र अशा गांवीं शिल्लक आहेत. पोलीस भरतीच्या परीक्षेंत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. तिच्या तयारीसाठीं खेड्यापाड्यांतील तरुण पहांटेच्या अंधारांत डांबरी रस्त्यावर धांवतांना दिसतात. मानव विकास कार्यक्रमाखालीं राज्यांतील मागास तालुक्यांत शाळकरी मुलींस सायकली मिळाल्या, आणि शेजारच्या गांवच्या शाळेस जाणें येणें त्यांवर होऊं लागलें. धांवणें आणि सायकल हीं या मुलांमुलींच्या रोजच्या जगण्यांतच आहेत. ड्युएथलॉनला लागणारी सामग्री एवढीच. भारी किंमतीच्या सायकलीशिवाय मोठ्या शर्यतींत वरचा क्रमांक मिळणें कठीण, हें खरें. पण तालुक्याच्या शर्यतींत सर्वांनीं साधी सायकलच आणावी असा नियम करण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं.

ड्युएथलॉन ही पोहतां न येणाऱ्यांची कनिष्ठ शर्यत, असा समज शहरांतून आढळतो. त्यास पॅरिसनें चांगलें उत्तर दिलें आहे. ऑगस्ट १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०२३ मध्यें तेथें ऑलिंपिकच्या पूर्वतयारीची शर्यत होती. सीन नदीचें पाणी दूषित आढळल्यामुळें मिश्र संघांच्या शर्यतींतून पोहणें काढून टाकावें लागलें, आणि जगांतील निवडक ट्रायथलॉनपटु त्या दिवशीं ड्युएथलॉन धांवले. प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्यें २०२४ सालीं पुरुषांची शर्यत याच कारणानें ३० जुलैऐवजीं ३१ जुलैला घ्यावी लागली. नदी स्वच्छ करण्यासाठीं शंभर कोटींहून अधिक युरो खर्च करणाऱ्या राजधानीसहि पाण्यापुढें थांबावें लागलें. पाणी नसलें किंवा बिघडलें कीं उरते ती जमिनीची शर्यत, हा अनुभव पॅरिसला एका दिवसापुरता आला. सातपुड्याच्या पायथ्याला तो बारमास आहे.

यावरून पोहणें सोडून द्यावें असा अर्थ कोणी काढूं नये. धरणें, शेततळीं आणि पुराचे ओढे यांच्या काठीं वाढणाऱ्या मुलांस पोहतां येणें ही जिवाच्या रक्षणाची विद्या आहे, आणि ती शिकविण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणीं झालीच पाहिजे. पण ती सोय होईपर्यंत एक पिढी वाट पाहत बसवूं नये. जिल्ह्याच्या क्रीडा-कार्यक्रमांत ट्रायथलॉनच्या जोडीला ड्युएथलॉनलाहि तितकाच मान मिळाला, तर सोनाळ्यासारख्या गांवच्या मुलामुलींस आज आहेत त्याच पायांनीं व आहे त्याच सायकलीनें उभें राहतां येईल. १९२० सालीं अँटवर्पला जाण्याची वाट अनवाणी धांवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांनींच दाखविली होती. त्यांना कोणी आधीं पोहतां येतें काय, असें विचारलें नव्हतें.